ग्रेडरसाहेबांचं गुलाबी विमान

ग्रेडरसाहेबांच्या हातात काहीही द्या, ते आधी उलटं करून बघायचे. आमच्या घरी पहिल्यांदा चहाला आले तेव्हा त्यांनी बशी उलटी केली. बशीत चहा ओतलेला आहे हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं. चहा माझ्या नव्या चटईवर, आणि साहेब बशीच्या बुडाकडे डोळे बारीक करून म्हणतात, "मॅडम, ह्या बशीचा कप दुसऱ्या घरचा आहे." होताच. सहातले चार कप फुटल्यावर मी बाजारातून तसेच दिसणारे आणून जोड लावली होती, आणि तीन वर्षांत एकाही पाहुण्याला पत्ता लागला नव्हता. मला कौतुकही वाटलं आणि रागही आला. चटई पुसताना मात्र रागच जास्त होता.

मी तेव्हा आर्णीच्या एका हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवत होते. साहेब आमच्याच गल्लीत राहायचे आणि सरकारी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. गाडीतून पुंजका उचलायचा, दोन अंगठ्यांत धरून अलगद ओढायचा, तंतू किती लांब निघतो ते बघायचं आणि प्रत सांगायची, हे त्यांचं काम. वीस वर्षं तेच केल्यामुळे त्यांचे अंगठे रिकामे असले तरी काहीतरी ओढत असायचे. पहिल्या वेच्याचा कापूस कोणता, भिजलेला कोणता, फरदड कोणती, हे ते गाडी थांबायच्या आधी सांगायचे. ज्यांनी कधी कपाशी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते: हंगाम संपला तरी झाडं उपटायची नाहीत, पाणी देऊन त्याच झाडांवर पुन्हा बोंडं घ्यायची, ही फरदड. झाड तेच, पण तंतू आखूड आणि माल सुमार.

इथवर सगळं ठीक होतं. आर्णीत ग्रेडर असणं यात काही नवल नाही. नवल त्यांच्या घरातल्या लोखंडी कपाटात होतं. त्यात त्यांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या वहिनींच्या, साड्या असायला हव्या होत्या, आणि होते विमानांचे डबे. जोडायची विमानं असतात ना, बहात्तरपट लहान, प्लॅस्टिकच्या चौकटीला पंख, चाकं, पंखे असे सुटे भाग लटकलेले, ती. कोण्या नातेवाइकाने नागपूरच्या इतवारीतून पोरासाठी एक डबा आणला. साहेबांनी सवयीप्रमाणे पंख उलटा केला, तर आतून एक चौकोन घासून गुळगुळीत केलेला. तिथे कोणाचं तरी नाव होतं आणि कोणीतरी ते खरवडून काढलं होतं. झालं! पोराच्या हातातलं विमान गेलं ते गेलंच, आणि साहेब त्या पुसलेल्या नावाच्या मागे लागले.

त्यांनीच मला शिकवलं की हे साचे मोठे फिरस्ते असतात. पोलादाचा एक साचा एका देशात जन्मतो. कंपनी बसते, साचा दुसऱ्या देशात विकला जातो. तिथे नवा डबा, नवं चित्र, नवं नाव. मग तिसरा देश. लोकांना वाटतं नवीन विमान आलं, आत पंख तोच. साहेब याला फरदड म्हणायचे. कुठल्या डब्यातलं विमान मूळ पीक आणि कुठलं फरदड, कोणता साचा कोणाकडून कोणाकडे गेला, हे शोधणं हा त्यांचा छंद. "डब्यावर जाऊ नका, मॅडम," ते बोट नाचवत सांगायचे, "डबा खोटं बोलते. साचा खोटं बोलत नाही."

एवढी विमानं घरात, पण त्यांनी एकही कधी जोडलं नाही. पोरं रडली, मोठी झाली, शिकायला बाहेर गेली, विमान सुटंच राहिलं. "जोडलं की आतली खूण झाकते. वंश संपला समजा." वहिनी कपाटासमोर उभ्या राहून म्हणायच्या, "इतके इमानं घरात, पन बाजारात जाले एक कामाचं नाही!" आणि साड्या पलंगाखालच्या पेटीत घालायच्या.

ह्या फरदडीने साहेबांना इतकं झपाटलं होतं की त्यांना सोबत न्यायची भीती वाटायची. आमच्या शाळेत बदललेलं क्रमिक पुस्तक आलं, त्यांनी चाळलं आणि म्हणाले, "फरदड. तेच धडे, डबा बदलला." शाळेच्या संमेलनात पाहुण्यांचं भाषण ऐकताना माझ्या कानात, "मागच्या वर्षीचा साचा आहे." एका लग्नात तर कहर झाला. नवरदेव स्टेजवर चढला, त्याची पहिली बायको वारलेली हे अख्ख्या मांडवाला माहीत होतं, पण साहेबांना नव्हतं. त्यांनी फक्त शेरवानीची कड उलटून पाहिली, अक्षता हातात तशाच, आणि मोठ्यांदा म्हणाले, "ही फरदड दिसते." शेरवानी मागच्याच लग्नातली होती म्हणे, पण वधूच्या मामाला तेवढं बारीक कळायला वेळ लागला. तोवर वहिनींनी आम्हाला जेवणाआधीच मांडवाबाहेर काढलं होतं.

मी ह्यात कशी अडकले? इंग्रजीमुळे. विलायतेत ह्याच वेडाच्या लोकांचं एक मंडळ होतं. ते सगळ्या साच्यांची वंशावळ बनवत होते, आणि दर तीन महिन्यांनी त्यांची पत्रिका यायची. साहेब वऱ्हाडीत सांगायचे, मी इंग्रजीत लिहायची. "त्याईले लिहा, तुमचा अभ्यास चांगला आहे, पन तुम्ही डब्यावर गेले, म्हणून फसले." मी लिहायची, आदरणीय महोदय, आपल्या मताशी आम्ही नम्रपणे असहमत आहोत. साहेब ओळ मोजायचे. "एवढंसंच? मी तर किती बोललो!" फरदड ह्या शब्दाला इंग्रजी सापडेना, तेव्हा अर्धं पान खर्चून कपाशीचा अख्खा हंगाम समजावला. पुढच्या अंकात तिकडचे सेक्रेटरी स्वतःच्या लेखात तो शब्द वापरून मोकळे झाले. साहेब तो अंक केंद्रावर घेऊन गेले आणि गाड्यांची रांग थांबवून हमालांना दाखवला.

ती वर्षं कापसाची वाईट होती. मी काय सांगू, ज्यांनी पाहिली त्यांना माहीत आहे. पेपरात आमच्या जिल्ह्याचं नाव आलं की पुढे माणसं गेल्याचा आकडा असायचा. दिल्लीहून, मुंबईहून टीव्हीच्या गाड्या यायच्या. एकदा अशी एक गाडी केंद्रावर आली. निवेदिकेने साहेबांसमोर माईक धरला, त्यांनी भावाबद्दल, पावसाबद्दल नीट, शांतपणे सांगितलं. मग म्हणाले, "आता इतक्या दूर आलेच आहात तर हे पाहा," आणि खिशातून विमानाचा पंख काढला. दहा मिनिटांनी कॅमेरा बंद झाला. साहेब पुढे अर्धा तास गाडीच्या ड्रायव्हरला सांगत होते. ड्रायव्हर भला माणूस, शेवटपर्यंत ऐकत राहिला.

त्या दिवशी मी त्यांना झापलंच. काय हा पोरकटपणा, लोक काय म्हणतील! ते हसले नाहीत. "मॅडम, ह्या गाड्या आपल्याकडे कोनी मेल्यावरच येते. मले एकदा आपल्या यवतमाळचं नाव छापून आलेलं पाहाचं आहे, अन् त्या ओळीत कोनी मेलेलं नसलं पायजे. बस." मग पंख खिशात घातला आणि पुढच्या गाडीकडे गेले.

आणि खरंच, नाव यायची वेळ जवळ आली. एका जुन्या दुपंखी विमानाच्या डाव्या पंखाखाली नखाएवढी, चंद्रकोरीसारखी खूण होती. सुरुवातीच्या डब्यांत ती नाही, नंतरच्या सगळ्यांत आहे. मंडळातल्या एका विद्वानाने ह्या खुणेवर तीन पानं लिहिली होती: मूळ विमानाला युद्धात गोळी लागली असावी, तिथे ठिगळ मारलं असावं, आणि साचेकाराने ते भक्तिभावाने कोरलं असावं. साहेबांनी भिंग लावलं. हा साचा मधली काही वर्षं भारतात होता, डबा मुंबईचा. भारतातल्या पहिल्या मालात खूण नव्हती, शेवटच्या मालात होती. म्हणजे खूण आपल्याकडे पडली. कुठे? डब्यावर फक्त 'भारतात बनवलेले'. आणि ह्या शेवटच्या मालाच्या करड्या प्लॅस्टिकमध्ये केसासारखी एक गुलाबी रेघ होती. ती गुलाबी रेघ साहेबांनी वर्षभर डोक्यात वागवली.

एकदा साहेब, वहिनी आणि मी कामाने यवतमाळला गेलो होतो. परतताना लोहाऱ्याला औद्योगिक वसाहतीच्या फाटकाशी चहाला थांबलो. टपरीवर पाण्याचा मग होता, भडक गुलाबी. साहेबांनी तो उचलला. मी "अहो, अहो!" म्हणेपर्यंत मग उलटा, आणि पाणी वहिनींच्या साडीवर. साहेब बुडाकडे पाहताहेत. गुलाबी बुडात एक करडी रेघ.

"एकाच मशिनीतले आहेत!" साहेब ओरडले. "विमानात मग गेला, अन् मगात विमान!"

वहिनी पदर पिळत म्हणाल्या, "अन् माझ्या साडीत पानी गेलं, ते नाही दिसलं."

टपरीवाल्याने सांगितलं, समोर बादल्या-मगांचा एक कारखाना होता, बंद पडला. त्याचा मशीनवाला मिस्त्री गावी गेला, फुलसावंगीला, फवारणीचे पंप दुरुस्त करतो. पुढच्याच रविवारी साहेबांच्या स्कूटरवर मागे बसून मी महागाववरून फुलसावंगीला गेले. कमरेचं जे व्हायचं ते झालं.

मिस्त्री पंप खोलून बसले होते. साहेबांनी पंख दाखवला तसे ते लाजले. "हे मी केलं, सायब. मुंबईवाल्याचा साचा आमच्याकडे चार महिने चालवाले आलता. पोळ्याचा दिवस. मले घरी बैल सजवाचे होते, अन् तुकडा साच्यात अडकला. एसटी निघून राह्यली होती. मंग दिला पेचकस घालून! साच्याले घाव बसला." मग हळूच म्हणाले, "मुंबईवाले रागावले का?"

साहेबांनी त्यांना मिठीच मारली. युद्धातली गोळी, मूळ विमानाचं ठिगळ, तीन पानांचं संशोधन, आणि निघालं काय, फुलसावंगीची एसटी!

आम्ही पत्र लिहिलं. सेक्रेटरींचं उत्तर आलं: गोष्ट फार गोड आहे, पण तोंडी पुराव्यावर नोंद होत नाही. लोहाऱ्यात बनलेला एखादा नग पाठवा. तीन महिन्यांत वंशावळ छापायला जाईल, नाहीतर तिथे 'भारत, ठिकाण अज्ञात' असं लिहावं लागेल. साहेब दोन दिवस 'अज्ञात, अज्ञात' म्हणत फिरत होते.

नग होता, मिस्त्रींच्याच घरी; आम्ही पुन्हा फुलसावंगी गाठली. अडकलेला तुकडा निघाल्यावर साचा तपासायला मिस्त्रींनी बादलीच्याच प्लॅस्टिकचं एक विमान काढून पाहिलं होतं, भडक गुलाबी. त्या प्लॅस्टिकला गोंद धरत नाही, म्हणून गरम उलथन्याने सांधलेलं. पंखाखाली चंद्र ठसठशीत. त्याच पोळ्याला ते घरी आणलं, तेव्हापासून ते घरातल्या पाळण्यावर टांगलेलं. आधी मुलं त्याच्याकडे बघत झोपली, आता वर्षाची नात. मिस्त्री म्हणाले, "न्या नं, सायब." त्यांची बायको म्हणाली, "न्या, पन पोरीलेही घेऊन जा. त्याच्याबिगर झोपत नाही ते." साहेबांनी दोरी सोडली मात्र, पोरीने असा सूर लावला की शेजारचे धावत आले. साहेबांनी घाईघाईने विमान परत बांधलं. पोर गप्प. पुन्हा सोडलं, पुन्हा भोंगा. तिसऱ्यांदा त्यांचा हात दोरीकडे गेलाच नाही. "चला मॅडम," ते म्हणाले. "लेकराची झोप घेऊन यवतमाळचं नाव नाही करत मी."

घरी येऊन ते कपाटासमोर बराच वेळ उभे राहिले. मग त्याच साच्याचा एक डबा काढला, विलायती, पहिल्या पिकाचा, अख्ख्या कपाटातला सगळ्यात दुर्मीळ. आणि म्हणाले, "गोंद आहे का घरात?"

वहिनी स्वयंपाकघरातून धावत आल्या. त्यांना वाटलं तब्येत बिघडली.

ज्या अंगठ्यांना तंतूतला केसभर फरक कळायचा, त्यांना विमान जोडता येईना. डावे पंख वर, उजवे खाली. चाकं पोटाऐवजी पाठीवर बसली. "इमान आहे का खाटेवरचं ढेकून?" वहिनींनी विचारलं. मग रंगाचा प्रश्न आला. पोरीला करडं विमान कशाला चालेल? माझ्याकडे गुलाबी नेलपॉलिशच्या दोन बाटल्या होत्या. शाळेत लावायची सोय नव्हती म्हणून शिल्लक. त्या दोन्ही संपल्या, घरभर वास सुटला, आणि साहेबांची सहा बोटं आठवडाभर गुलाबी राहिली. त्याच बोटांनी ते केंद्रावर प्रत सांगत होते. कोणी हसलं तर शांतपणे म्हणायचे, "संशोधन चालू आहे."

पुढच्या रविवारी मिस्त्रींचं विमान उतरवलं आणि त्या जागी ते तिरपं विमान पाळण्यावर चढलं. पोरीने बघितलं. आम्ही चार मोठी माणसं श्वास रोखून उभी. तिने एक हात वर केला, काहीतरी बोबडं बोलली आणि दहा मिनिटांत झोपली. साहेबांचे डोळे भरले होते. ते म्हणाले धूळ गेली. नुकत्याच सारवलेल्या घरात धूळ!

आता पार्सल. मी म्हटलं, थर्माकोल आणते. साहेब म्हणाले, "कायले? यवतमाळचा माल यवतमाळच्या कापसात जाईन." आणि त्यांनी पहिल्या वेच्याचा, स्वतः निवडलेला, लांब तंतूचा पांढराशुभ्र कापूस भरून मिस्त्रींचं ते विमान त्यात बाळासारखं निजवलं. इतकं सुंदर पार्सल मी जन्मात पाहिलं नाही. पोस्टातला माणूसही हळहळला की शिवून टाकावं लागतं.

दीड महिन्याने तिकडच्या सरकारी खात्याचं छापील पत्र आलं. मी ते दोनदा वाचलं आणि साहेबांना सांगायला शब्द शोधू लागले. त्या देशात बाहेरचं बियाणं न्यायला बंदी. पार्सलमध्ये सरकीसकट कच्चा कापूस सापडला, म्हणून आतल्या वस्तूसह ते जाळून नष्ट करण्यात आलं. अरे देवा! वीस वर्षं ज्याच्या हातात सरकीसकटच कापूस आला, त्याला सरकी वेगळी दिसणार तरी कशी? आणि मी, शिकलीसवरलेली बाई, मला तरी कुठे दिसली! गल्लीत दुसऱ्या कोणालाही पार्सल करायला दिलं असतं तर त्याने पेपरच्या बोळ्यांत गुंडाळलं असतं आणि ते सुखरूप पोचलं असतं.

साहेब खुर्चीत बसून राहिले. अंगठे थांबले होते, ते मी पहिल्यांदाच पाहिलं. "ग्रेड देनारा मी," ते म्हणाले, "अन् सरकी मलेच नाही दिसली." त्या दिवशी त्यांनी चहा घेतला, पण बशी उलटी केली नाही. वहिनींनी मला स्वयंपाकघरात ओढलं आणि म्हणाल्या, "मॅडम, काहीतरी करा. हे बशी सरळच ठेवून राह्यले." त्या रडत होत्या.

मी काय करणार? सेक्रेटरींना पत्र टाकलं, झालेला गाढवपणा जसाच्या तसा लिहिला. उत्तर आलं नाही. तीन महिने सरले. मी गल्लीतून जाताना साहेबांच्या दाराकडे बघणं टाळायला लागले.

मग एक जाड पाकीट आलं. वंशावळ छापून आली होती, सोबत सेक्रेटरींचं पत्र. त्या सरकारी खात्याने जाळण्याआधी, नियमाप्रमाणे, प्रत्येक वस्तूचा पंचनामा केला होता आणि त्याची प्रत पार्सल ज्यांच्या नावे होतं त्यांना, म्हणजे सेक्रेटरींना, पाठवली होती. त्यात फोटो होता. शिक्का होता. आणि कोण्या कर्तव्यदक्ष कारकुनाने लिहिलं होतं: खेळण्यातलं दुपंखी विमान, एक, रंग गुलाबी, डाव्या पंखाखाली अर्धचंद्राकृती खूण, सोबतच्या चिठ्ठीनुसार लोहारा, यवतमाळ येथे बनलेलं. सेक्रेटरींनी लिहिलं होतं, 'एवढा सही-शिक्क्याचा पुरावा आमच्या वंशावळीतल्या दुसऱ्या कुठल्याही साच्याला नाही. कापसाचे आभार.'

मी ते पान घेऊन तशीच, स्लिपर घालून, केंद्रावर पळत गेले. साहेबांनी चष्मा लावला, अंगठ्याखाली ओळ धरली आणि अक्षर अक्षर वाचलं. मशीन: लोहारा, यवतमाळ. पंखावरची खूण: तिथल्याच मिस्त्रींची, सणाला घरी जायच्या घाईत. त्यांनी ओळ पुन्हा वाचली. मग पान उलटं करून मागे काही आहे का ते पाहिलं, आणि माझा जीव भांड्यात पडला.

"मॅडम," ते म्हणाले, "यवतमाळ छापून आलं. अन् पाहा, कोनी मेलं नाही. मानूस सणाले घरी गेला, एवढंच लिहिलं आहे."

ते पान त्यांनी मलाच ठेवायला दिलं. घरी ठेवलं तर वहिनी साड्यांखाली अंथरतील, म्हणाले. पुढे ते निवृत्त झाले, माझी बदली झाली, आणि काही वर्षांनी ते गेले. पेपरात दोन ओळींची बातमी आली, फोटोसह, यवतमाळच्या पानावर. मी ती कापली, वाचली, आणि ठेवली नाही. साहेबांना ती आवडली नसती. कपाटात आहे ते दुसरं पान. कधीतरी काढते, वाचते, आणि उलटं करून बघते.